मोठा सिलिंडर, कमी ब्रेक: घरी बांधलेल्या गाडीतलं मास्टर सिलिंडरचं गणित

परवा पुण्याहून भाच्याचा मेसेज आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि कॉलेजच्या बाहा टीममध्ये (पोरांनी स्वतः गाडी बांधून उतरायची स्पर्धा) ब्रेकचं काम त्याच्या गळ्यात पडलंय. "मामा, तू तुझ्या गाडीचे मास्टर सिलिंडर बदललेस ना? आम्ही एक साइज मोठा टाकतोय. म्हणजे ब्रेक जास्त लागेल ना?"

"नाही रे, उलट," एवढंच मी लिहिलं. पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, "कसं काय?"

प्रश्न रास्त आहे. मोठं इंजिन म्हणजे जास्त ताकद, मोठी टाकी म्हणजे जास्त पाणी, मग मोठा सिलिंडर, म्हणजे पेडलमागचा मोठा पंप, लावला की कमी ब्रेक, हे कुठलं शास्त्र? मी स्वतः हे पुस्तकातून शिकलो नाही. इंग्लंडमध्ये, घराच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या गाडीखाली पाठीवर झोपून आणि एक चूक पदरात पाडून घेऊन शिकलो. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी किट कार म्हणजे काय ते

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडलेली गाडी. सांगाडा आणि पत्रा एका छोट्या कंपनीकडून येतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग हे बहुतेक वेळा एखाद्या जुन्या गाडीतून काढलेलं असतं.

ब्रिटनमध्ये हा छंद फोफावला त्याचं मूळ करात आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन ही गाडी १९५७ साली आली. तयार गाडीवर तेव्हा परचेस टॅक्स नावाचा कर लागायचा आणि सुट्या भागांत घेतली तर तो वाचायचा. असं म्हणतात की सुट्या गाडीबरोबर जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती, म्हणून चॅपमनने गाडी कशी खोलायची याच्या सूचना दिल्या. घेणाऱ्याने त्या शेवटापासून वाचायच्या! १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. सवलत गेली तरी नाद राहिला.

माझी गाडी त्या सेव्हनच्याच धाटणीची, पण खूप स्वस्तातली. कुणीतरी १९९० च्या दशकात घरी बांधलेली, आतले अवयव फोर्ड सिएराचे. मी तिचा तिसरा मालक.

किट कारबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात ठेवायला हवी. कंपनीतून आलेल्या गाडीचे ब्रेक कुणा इंजिनिअरने हिशेब करून, शेकडो वेळा तपासून ठरवलेले असतात. पार्ट नंबर सांगितला की दुकानदार तोच सिलिंडर देतो आणि विषय संपतो. घरी बांधलेल्या गाडीला पार्ट नंबरच नसतो. तो इंजिनिअर तुम्हीच.

पायातला जोर चाकापर्यंत

मास्टर सिलिंडर म्हणजे ब्रेकच्या पेडलमागचा छोटा पंप. एक नळी, तिच्यात पुढेमागे सरकणारा दट्ट्या, आणि वर ब्रेक ऑइलची छोटी टाकी. पेडल दाबलं की एक दांडी दट्ट्याला ढकलते, दट्ट्या ऑइलला ढकलतो, आणि ऑइल पाइपातून चाकापाशी जाऊन तिथला दुसरा दट्ट्या ढकलतं. तो ब्रेक पॅड डिस्कवर आवळतो.

घरी करून बघायचं असेल तर औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन सिरिंज आणा, एक दोन मिलिलिटरची, एक दहाची. दोन्हींत पाणी भरून सलाइनच्या नळीने जोडा. आता बारकी सिरिंज दाबा. अंगठ्याने सहज दाबली जाते, पण मोठीचा दट्ट्या बाहेर येताना बोटाने अडवून बघा, अडत नाही. उलट करा, मोठी दाबा आणि बारकीला अडवा. आता अडवणारा सहज जिंकतो.

पास्कलचा नियम तो हाच. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे तेवढाच पोचतो, आणि दाब म्हणजे लावलेला जोर भागिले जागा. तोच जोर लहान जागेवर पडला की दाब जास्त. चपटी चप्पल घातलेल्या बाईचा पाय आपल्या पायावर पडला तर काही होत नाही, तिच्या टाचेच्या सँडलची टाच पडली तर डोळ्यांपुढे तारे चमकतात. बाई तीच, वजन तेच.

आता आकडे घालून बघू

पायाने पेडलवर ३० किलोचा जोर दिला असं धरा. पेडल ही तरफ आहे. ती पाचपट करणारी असेल तर दांडीवर १५० किलो येतात. दोन सिलिंडर असतील आणि जोर सारखा वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७५ किलो.

या गाड्यांत मिळणारे नेहमीचे व्यास इंचात मोजतात: ०.६२५, ०.७० आणि ०.७५. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत पहिला पाच सूत, शेवटचा सहा सूत म्हणजे पाऊण इंच, आणि ०.७० या दोघांच्या अधलामधला. ऐकायला फरक किती, एक सूत. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. पाच सुताचं साधारण १.९८ चौरस सेंटिमीटर, ०.७० चं २.४८, पाऊण इंचाचं २.८५. म्हणजे एका सुताच्या फरकात जागा ४४ टक्के वाढली.

तेच ७५ किलो यांना भागा. पाच सुतात दाब ३८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, ०.७० मध्ये ३०, पाऊण इंचात २६.

पुढच्या चाकाच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला मिठी मारणाऱ्या चिमट्यात, ५४ मिलिमीटरचा दट्ट्या असेल तर ०.७० चा सिलिंडर पॅडला साधारण ६९० किलोंनी आवळतो आणि पाऊण इंचाचा ६०० किलोंनी. पाय तोच, ३० किलोंचा. मधले ९० किलो गेले कुठे? ते अंतरात गेले. मोठा दट्ट्या थोडा सरकला तरी बरंच ऑइल ढकलतो, म्हणून पेडल कमी खाली जातं. लहान दट्ट्याला तेवढंच ऑइल ढकलायला जास्त सरकावं लागतं. फुकट काही मिळत नाही. एक तर पाय कमी अंतर जाईल, नाहीतर कमी जोर लावेल.

आपल्या डोक्यातला गोंधळ नेमका इथे होतो. मोठ्या सिलिंडरने पेडल दगडासारखं घट्ट लागतं. आपले मेकॅनिक खूश होऊन म्हणतात, "बघा साहेब, ब्रेक कसा वरच्या वर लागतोय!" पेडल कुठे लागतं आणि गाडी कुठे थांबते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पण सिलिंडर दोन कशाला?

रोजच्या गाडीत एकाच नळीत मागेपुढे दोन कप्पे असलेला मास्टर सिलिंडर असतो, त्याला टँडम म्हणतात. एका कप्प्याची गळती झाली तरी दुसरा निम्मे ब्रेक देतो. बऱ्याच किट कार आणि रेसच्या गाड्यांमध्ये त्याऐवजी दोन स्वतंत्र सिलिंडर शेजारी शेजारी असतात, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. भाच्याच्या बाहा गाडीतही असेच आहेत.

दोघांमध्ये जोर वाटून द्यायला पेडलमध्ये एक आडवी दांडी असते, बॅलन्स बार. दोन माणसं बांबूला हंडा अडकवून खांद्यावरून नेताना आठवा. हंडा मधोमध असेल तर भार सारखा. एकाकडे सरकला की त्याचा खांदा वाकतो. बारमध्ये हंड्याच्या जागी पेडलचा जोर आणि दोन खांदे म्हणजे दोन सिलिंडर. स्क्रू फिरवून हंडा सरकवता येतो.

वाटणी इतकी महत्त्वाची का, हे एसटीत उभं राहून प्रवास केलेल्याला सांगायला नको. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की सगळे पुढच्यावर. गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त ब्रेक दिला तर ते फिरायचं थांबून घसरायला लागतं. पुढची चाकं आधी घसरली तर गाडी सरळ जाते, वळत नाही. वाईटच, पण कळतं तरी. मागची आधी घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि तुम्ही आलात त्या दिशेला तोंड करून थांबता. माझ्या गाडीसारखी पाच-सहाशे किलोंची, एबीएस नसलेली गाडी हे फार पटकन करते.

"बसतो हो, हाच बसतो"

माझ्या गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही सिलिंडर ०.७० चे होते. सिग्नलला पेडल दाबून धरलं की ते हळूहळू, अगदी सावकाश, खाली जायचं. बाहेर एक थेंब गळत नव्हता. आतल्या रबरी सीलच्या कडेने ऑइल मागे जात होतं. दोन्ही बदलायचे ठरवले.

दुकानदाराने मागचा बरोबर पाठवला. पुढच्याच्या खोक्यात पाऊण इंचाचा निघाला. फोन केला तर म्हणाला, बाहेरून सगळं सारखंच आहे, हाच बसतो. आणि बसला ना! बोल्टची भोकं तीच, दांडी तीच, पाइपाचं तोंड तेच. दोन्ही शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत. अंगावर ओतलेला आकडा धूळ पुसल्याशिवाय दिसतही नव्हता.

पेडल मस्त घट्ट झालं. मी खूश. पावसानंतर एका रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी चाळीसवरून ब्रेक मारला आणि मागचं टोक डावीकडून मला गाठायला आलं. थांबलो तेव्हा समोर मी नुकतंच ओलांडलेलं फाटक होतं.

हिशेब वर दिलाच आहे. पुढचा दाब ३० वरून २६ वर आला, म्हणजे १३ टक्के गेला. मागचा होता तिथेच राहिला. गाडी पूर्वीइतकी थांबत नाही म्हणून मी नकळत पाय जास्त दाबला, तो जास्तीचा जोर मागेही गेला, आणि मागची चाकं आधी अडकली.

इथे कुणी विचारेल की बॅलन्स बार सरकवून भागलं नसतं का. वाटणी सुधारली असती. १५० मधले ८० पुढे आणि ७० मागे दिले की दोन्हीकडे दाब २८ च्या आसपास येतो. पण मग दोन्हीकडे आधीपेक्षा कमी आणि पायाला कष्ट जास्त. शिवाय माझ्या गाडीतला बार पिन मारून बंद केलेला आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आणताना एक सरकारी तपासणी होते, २००९ पासून तिला आयव्हीए म्हणतात, आणि तिथे हा बार कुणी सहज फिरवू शकणार नाही असा पक्का केलेला लागतो. मी निमूटपणे ०.७० चा सिलिंडर दुसरीकडून मागवला.

तीन सुताचा नट आणि दहा मिलिमीटरचं भोक

ही गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. जुन्या ब्रिटिश भागांवर ब्रेक पाइपाचा नट तीन सुताचा, इंचाला २४ आटे. नव्या भागांवर एम १०, एक मिलिमीटर आट्याचा. तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर. आटेही जवळजवळ सारखेच. त्यामुळे तीन सुती नट दहाच्या भोकात जातो. हाताने छान फिरतो, जरा जास्तच छान. पाना लावला की थोडा धरल्यासारखाही वाटतो. पण आटे जेमतेम एकमेकांना शिवलेले असतात, आणि नेमका जोरात ब्रेक मारायच्या वेळी ते सोलून निघू शकतात.

हाताने घालताना नट डगमगला तर तिथेच थांबायचं. पाइपाच्या टोकाची फुगवण म्हणजे फ्लेअरसुद्धा दोन तऱ्हेची असते आणि सिलिंडरच्या आतल्या बुडाशी तिचा आकार जुळावा लागतो. न जुळलेली फ्लेअर कितीही आवळली तरी पाझरते, आणि आवळणारा माणूस आणखी आवळतो.

दांडीला थोडी ढील

पेडल आणि दट्ट्यामधली दांडी आट्यांवर लांब-आखूड करता येते. सिलिंडर बसवल्यावर माणसाला मोह होतो की हिला दट्ट्याला टेकवून ठेवू, म्हणजे पेडल शिवताच ब्रेक लागेल. हा मोह आवरायचा.

पाय काढल्यावर दट्ट्या पार मागे यायला हवा, कारण तेव्हाच टाकीकडची बारीक वाट उघडते. ब्रेक तापला की ऑइल फुगतं आणि त्या वाटेने टाकीत परत जातं. दांडीने दट्ट्या जरासा जरी पुढे धरून ठेवला तर वाट बंद. फुगलेलं ऑइल जाणार कुठे? ते पॅडला दाबतं, पॅड घासून आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. पाय ब्रेकवर नसताना गाडी आपोआप ब्रेक लावत जाते. मी हेही करून पाहिलंय. चार किलोमीटरनंतर गाडी उतारावर जागची हलेना आणि चाकापाशी तव्यावर रबर टाकल्यासारखा वास. उपाय दोन पान्यांचा: लॉकनट सैल केला, दांडी अर्धा फेरा मागे घेतली, आणि चाकं सुटली. साधारण एक मिलिमीटरची ढील लागते. सिलिंडरबरोबरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो खरा.

एअर काढणं, तेही दोघांचं एकदम

पाण्याची बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून दाबा, दबत नाही. थोडी रिकामी ठेवून दाबा, लगेच चेपते. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला की पेडल असं चेपतं. नवा सिलिंडर आतून कोरडा असतो, म्हणून तो गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच ऑइलने भरून घेतला तर निम्मं काम वाचतं.

पुढचं काम दोघांचं. आमच्याकडे बायको सीटवर, मी चाकापाशी. "दाब." "दाबलं." मी कॅलिपरवरचं हवा सोडायचं निप्पल सैल करतो, नळीतून बुडबुडे येतात. "गेलं खाली." निप्पल बंद. "सोड." हे पन्नास वेळा. बॅलन्स बार असलेल्या गाडीत यात एक मेख आहे. फक्त पुढचं निप्पल उघडलं तर पुढचा दट्ट्या पळतो, मागचा अडून बसतो, बार तिरका होऊन टेकतो, आणि पुढच्याला पूर्ण धाव मिळत नाही. हवा निघतच नाही. म्हणून एक पुढचं आणि एक मागचं निप्पल एकाच वेळी उघडायचं. आमचा एक आख्खा रविवार हे न कळल्यामुळे गेला.

आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे. नेहमीचं डॉट ४ ग्लायकॉल जातीचं असतं. त्याऐवजी खरोखरचं इंजिन ऑइल थोडं जरी पडलं तर रबरी सील फुगून निकामी होतात. हे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ, आणि वाफ म्हणजे पुन्हा तोच बुडबुडा. म्हणून उघडी पडलेली बाटली वर्षभर फडताळात ठेवून वापरायची नाही. रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. माझ्या सांगाड्यावर त्याचा एक नकाशा कायमचा उमटलाय.

"नवा कशाला, किट टाका की"

किट म्हणजे इथे रबर सीलचा संच. आपल्याकडचा कुठलाही जुना मेकॅनिक हाच सल्ला देईल आणि तो चूक नाही. नळी आतून आरशासारखी असेल तर नवे सील घालून सिलिंडर वर्षानुवर्षं चालतो. पण किट कार हिवाळाभर आच्छादनाखाली उभी असते, ऑइल ओल धरतं, आणि नळीत गंजाचे बारीक खड्डे पडतात. नख फिरवल्यावर खड्डा लागला तर नवं सीलही त्यावर घासून काही दिवसांत जातं. माझ्या दोन्हींत नखाला लागले.

"मग बूस्टर लावा, भानगडच नको," असंही एकाने सुचवलं. बूस्टर इंजिनच्या शोषणाने पायाचा जोर वाढवतो. हलक्या गाडीला त्याची गरज नसते, आणि पेडलसमोर एवढा मोठा डबा मावत नाही. खरा घोळ उलट दिशेने होतो. बूस्टरच्या हिशेबाने बनवलेला जुन्या गाडीचा मोठा मास्टर सिलिंडर लोक बूस्टरशिवाय लावतात, आणि मग दोन्ही पायांनी ब्रेक दाबावा लागतो.

कायद्याचं काय

ब्रिटनमध्ये गाडी एकदा नोंदली गेली की सिलिंडर बदलल्याने ती तपासणी पुन्हा द्यावी लागत नाही. एमओटी नावाच्या वार्षिक तपासणीत मात्र ब्रेक सहसा रोलरवर मोजले जातात. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ कंपनीच्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असे फेरफार करू देत नाही, आणि नव्या नमुन्याची चाचणी एआरएआयसारख्या संस्थेकडून करून घ्यावी लागते. ज्या टेकडीवर पुणेकर सकाळी फिरायला जातात, तीच ती एआरएआय. एकट्यादुकट्याने बांधलेल्या गाडीला ते परवडणारं नाही. म्हणून आपल्याकडे हे ज्ञान राहतं बाहासारख्या स्पर्धांतल्या पोरांकडे. त्यांच्या ब्रेकच्या परीक्षेत चारही चाकं अडकायला हवीत.

दुसऱ्यांदा ०.७० चा सिलिंडर बसवल्यावर मी आधी गॅरेजमध्येच पेडल मिनिटभर जोरात दाबून धरलं. खाली गेलं नाही. बायकोने टॉर्च धरून पेडलमागचा पत्रा बघितला, कारण तो वाकत असेल तर हवा नसतानाही पेडल मऊ लागतं. मग चालण्याच्या वेगाने, मग रिकाम्या पार्किंगमध्ये, पुन्हा पाऊस पडल्यावर. ती कडेला उभी राहून चाकं बघत होती. "पुढची थांबली आधी," ती ओरडली. गाडी फाटकाकडे पाठ करूनच उभी राहिली.

भाच्याने काल व्हर्नियर लावून त्यांच्या सिलिंडरचे फोटो पाठवले. पुढचा आणि मागचा, दोन्ही पाऊण इंच. का, ते टीममध्ये कुणालाच माहीत नाही. गेल्या वर्षीच्या सीनियरने आणले होते. आता त्याला चारही कॅलिपरचे दट्टे मोजायला सांगितलंय.